वाईट सिनेमा शेवटपर्यंत पाहावा

आसनगावहून सकाळी मुंबईकडे निघालेल्या माणसाचे जाताना दोन तास आणि येताना दोन तास गाडीत जातात. वासिंद, खडवली, टिटवाळा करत डबा भरत जातो आणि कल्याणनंतर पाय हलवायलाही जागा उरत नाही. या वेळेचं करायचं काय, याची उत्तरं कसारा मार्गावरच्या प्रवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या शोधली आहेत : भजन, पत्ते, डुलकी, चौघांत वाटून घेतलेलं एक वर्तमानपत्र. आता त्यात कानातला पॉडकास्ट आला आहे. त्यातला एक प्रकार तरुणांच्या खास आवडीचा आहे. दोघं-तिघं मिळून एखादा साफ फसलेला सिनेमा घेतात आणि तास-दीड तास त्याची पिसं काढतात. ऐकणारे तो भाग एकमेकांना पाठवतात, आणि फलाटावर भेटले की त्यातल्या संवादांवर, खोट्या मिशांवर, दोरी दिसणाऱ्या हाणामारीवर पुन्हा खळखळून हसतात. थकवणाऱ्या दिवसाच्या दोन्ही टोकांना मिळणारं हे हसू मला अजिबात हलकं वाटत नाही. पण दुसऱ्याच्या फसलेल्या कामावर घोळक्याने हसणं ही दिसते तेवढी साधी गोष्टही नाही. त्या कामामागे माणसं असतात, आणि ती आपल्यासमोर नसतात.

या प्रकारात जगभर नाव कमावलेला एक अमेरिकी पॉडकास्ट २०१० साली सुरू झाला. पॉल शीअर, जून डायान राफेल आणि जेसन मँझूकस हे विनोदी कलाकार तो चालवतात. त्याचं नाव ‘हाउ डिड धिस गेट मेड?’, म्हणजे ‘हे बनलं तरी कसं?’ मराठीत हे वाक्य दोन सुरांत म्हणता येतं. कपाळावर हात मारून म्हटलं तर तो नुसता उद्गार होतो, त्याला उत्तर नको असतं. पण हेच शब्द खरोखर विचारलेला प्रश्नही असू शकतात. पैसे कुणी घातले, दिवस किती मिळाले, कॅमेरा कुठून आणला, एका प्रसंगात असलेला नट पुढच्या प्रसंगात कुठे गेला? माझं म्हणणं इतकंच, की उद्गारापाशी थांबलेलं हसू तुच्छतेत जिरतं आणि प्रश्नापर्यंत गेलेलं हसू माणसापर्यंत पोचतं. त्यासाठी एक साधी अट पाळावी लागते : ज्याला हसायचं तो सिनेमा आधी स्वतः पाहायचा, आणि शेवटपर्यंत पाहायचा. त्या पॉडकास्टचा रिवाजही काहीसा असाच आहे. पुढच्या भागात कोणता सिनेमा घेणार हे आधी जाहीर होतं, म्हणजे श्रोत्यांना तो पाहून येता येतं. आपल्याकडे पुष्कळांची थट्टा मात्र ऐकीव असते. सिनेमा कधी पाहिलेलाच नसतो, त्याच्यावरचे विनोद तेवढे पाठ असतात. ऐकीव गोष्टींवरून माणसाबद्दल मत बनवू नये हे आपण मुलांना शिकवतो. मग माणसाच्या कामाबद्दल ते का बनवावं?

पूर्ण पाहण्याने काय बदलतं, हे समजायला फार लांब जायला नको. कसारा घाट चढून गेलं की नाशिक लागतं, आणि तिथून जवळच त्र्यंबकेश्वर, दादासाहेब फाळक्यांचं जन्मगाव. १९१३ सालच्या त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. आज ते पाहताना हसू येतं, कारण साडीच्या पदराखालचे दंड लपत नाहीत. त्या हसण्यात पाप नाही. पण पुढचा प्रश्न विचारला तर कळतं, की फाळक्यांनी या भूमिकेसाठी बायका शोधायची पराकाष्ठा केली होती. सिनेमात काम करणं इतकं कमीपणाचं मानलं जाई, की ज्यांना समाजाने आधीच बाहेर टाकलं होतं त्या स्त्रियांनीही नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके त्यांना सापडले. म्हणजे पडद्यावरचा तो विनोद दिग्दर्शकाच्या अडाणीपणातून आलेला नाही. त्या काळच्या समाजाने बाईवर आणि कलेवर घातलेल्या बंधनाची ती खूण आहे. ‘लंकादहन’ चालू असताना पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायांतल्या चपला काढत, असं सांगितलं जातं. त्या प्रेक्षकांना दंड दिसत नव्हते असं मला वाटत नाही. त्यांना दंडही दिसत होते आणि सीताही दिसत होती.

एड वुड यांच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’चंही तसंच आहे. १९५० च्या दशकातला हा अमेरिकी सिनेमा १९८० साली एका पुस्तकाने आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा ठरवला, आणि तेव्हापासून तो थट्टेचा हक्काचा विषय झाला. त्यात झगा घातलेला एक माणूस काही दृश्यांत अचानक उंच होतो आणि झग्याने तोंड झाकून फिरतो. यावर न हसणं अवघड आहे. मात्र ही उंची का बदलली याची चौकशी केली की कळतं : बेला लुगोसी हा एके काळचा नामांकित नट, वुड यांचा मित्र, १९५६ साली वारला. त्याची थोडीशी चित्रफीत वुड यांच्याजवळ होती. ती वाया जाऊ द्यायची नाही म्हणून त्यांनी तिच्याभोवती सिनेमा रचला आणि उरलेल्या दृश्यांत दुसऱ्याच माणसाला झगा घालून उभं केलं. दृश्य वाईट आहे ते आहेच. पण त्यात मेलेल्या मित्राला शेवटचं काम देण्याची धडपडही आहे, आणि ती फक्त चौकशी करणाऱ्यालाच सापडते.

पण या विषयाची खरी कसोटी आपल्या महाराष्ट्रातच आहे. आसनगाव-शहापूरजवळून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग नाशिक मागे टाकून मालेगावात पोचतो. यंत्रमागांच्या या गावात शेख नासिर या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला. तो बनत असतानाची धडपड फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ सालच्या माहितीपटात टिपली आणि २०१२ साली तो चित्रपटगृहांत लागला. सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावर राबणारा काटकुळा तरुण होता. कॅमेरा सरकवायला सायकल आणि हिरव्या पडद्याच्या जागी टांगलेलं कापड, एवढ्या साधनांत तो उडाला. नाव झालं, पण शफीक फार जगला नाही. २०११ साली कर्करोगाने गेला. आता हा सिनेमा पाहताना हसावं का? हसावंच, कारण तो हसवण्यासाठीच काढलेला आहे. मालेगावचा प्रेक्षक हसतो तेव्हा त्याला ठाऊक असतं की आकाशातून येणारा हा वीर आपल्याच गल्लीतला आहे, त्याच्या छातीचा पिंजरा मागाच्या धुळीने भरलेला आहे आणि त्याच्या भाषेची गंमत ही आपल्याच भाषेची गंमत आहे. तेच दृश्य शहरातल्या गार सभागृहात दिसतं तेव्हा हसण्याची दिशा सहज बदलू शकते. उच्चार, कपडे, शरीर, गरिबी अशा ज्या गोष्टींत निवड करण्याची मोकळीक नव्हती, त्यांच्यावर हसू जाऊन बसतं. चूक दिसली म्हणून आलेलं हसू आणि ‘हे असलेच’ म्हणून आलेलं हसू यांचा आवाज बाहेरून सारखाच असतो. फरक हसणाऱ्यालाच आत शोधावा लागतो, आणि या चिंतनात मला सर्वांत महत्त्वाचं तेच वाटतं.

मालेगावने ज्याची नक्कल केली त्या ‘शोले’ची दुसरी नक्कल शेजारी ठेवून पाहावी. २००७ साली आलेल्या ‘राम गोपाल वर्मा की आग’कडे पैसा होता, तंत्र होतं, अमिताभ बच्चन, अजय देवगण, मोहनलाल यांच्यासारखे नट होते. तोही साफ कोसळला, आणि पुढे वर्मांनी स्वतःच आपलं चुकल्याचं मान्य केलं. ‘हे बनलं कसं?’ हा प्रश्न इथे विचारला तर उत्तर टंचाईकडे बोट दाखवत नाही. तिकीट काढून, मुलाबाळांना घेऊन, पॉपकॉर्नचे जास्तीचे पैसे मोजून बसलेल्या माणसाला अशा सिनेमावर चिडायचा पूर्ण हक्क आहे, आणि ते चिडणं हसण्यातून बाहेर पडलं तर मला त्यात वावगं दिसत नाही. ज्याच्याजवळ जास्त होतं त्याला जास्त जाब विचारावा, हा हिशेब न्यायाचा आहे. प्रत्यक्षात मात्र तो अनेकदा उलटा चालतो. बड्या नटाच्या फसलेल्या सिनेमाला त्याचे चाहते ढाल होऊन उभे राहतात, आणि आडगावच्या हौशी पोराचं चित्रीकरण हातोहात फिरून त्याची टिंगल होते.

कुणी म्हणेल, एवढं कशाला मनावर घ्यायचं, दोन घटका गंमत आहे, त्याने कुणाचं काय बिघडतं? बिघडतं, आणि याची कबुली थट्टेचा व्यवसाय करणाऱ्यांनीच दिली आहे. वर्षातल्या वाईट सिनेमांना ‘गोल्डन रास्पबेरी’ देण्याची प्रथा अमेरिकेत १९८१ पासून आहे. २०२१ सालच्या सिनेमांचा निकाल लावताना ब्रूस विलिस या नटासाठी त्यांनी वेगळा विभागच काढला, कारण त्या एका वर्षात त्याने आठ सुमार कामं केली होती. मार्च २०२२ मध्ये त्याच्या घरच्यांनी जाहीर केलं की त्याला वाचाघात झाला आहे. लगेच तो पुरस्कार मागे घेतला गेला. पुढच्याच वर्षी बारा वर्षांच्या एका मुलीला त्यांनी सर्वांत वाईट अभिनेत्रीच्या यादीत बसवलं, त्यावर ओरड झाली, तेव्हा माफी मागून अठरा वर्षांखालच्यांना वगळण्याचा नियम केला. माफी मागितली हे चांगलंच झालं. पण विलिसच्या बाबतीत एक प्रश्न आधीच हाताशी होता : इतका अनुभवी नट एकाएकी इतकं वाईट का करू लागला? तो खऱ्या सुरात कुणी विचारला असता तर हसणारे कदाचित आपणहून थबकले असते.

अभिरुचीचा आक्षेपही जुना आहे. वाईटात मन रमवलं की चांगल्याची चव जाते, वेळ फुकट जातो, असं म्हणतात. पण आतून जाणून केलेल्या थट्टेला हे लागू पडत नाही. आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ साली आली. तत्कालीन कवितेचं त्यांनी केलेलं विडंबन आजही वाचलं जातं, कारण ज्या कवितेची थट्टा करायची तिचे छंद, तिची लकब, तिचे हट्ट त्यांना आतून माहीत होते. सिनेमाचंही तसंच आहे. चांगला सिनेमा आपली शिवण लपवतो. फसलेल्या सिनेमात ती उसवलेली असते, म्हणून शिकणाऱ्याला तिथे जास्त दिसतं. ओठ आणि शब्द चुकले तरच आवाज नंतर भरलेला असतो हे पहिल्यांदा लक्षात येतं. अभिरुची बिघडते ती अर्धवट पाहण्याने.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र उलट्या बाजूने येतो. प्रत्येक चुकीमागचं कारण समजून घ्यायचं म्हटलं तर सगळंच माफ करायचं का? इथे कांती शाह यांचा १९९८ सालचा ‘गुंडा’ आठवावा. मिथुन चक्रवर्ती नायक, मुकेश ऋषी खलनायक. प्रदर्शित झाला तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही, पण पुढच्या दशकात इंटरनेटवर, विशेषतः अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत, त्याचा पंथच तयार झाला. खलनायक प्रवेश करतो आणि यमक जुळवून आपली ओळख सांगतो, एवढ्यावर पोरं लोटपोट हसतात. ते यमक खरंच हास्यास्पद आहे. पण सिनेमा शेवटपर्यंत पाहिला तर दिसतं, की हीच यमकं बोलणारी तोंडं बायकांवरच्या अत्याचाराची भाषा करतात, आणि नायकाच्या बहिणीवर बलात्कार करून तिला मारलं जातं. कमी पैशांमुळे प्रकाशयोजना बिघडते, चित्रीकरण उघड्या माळावर उरकावं लागतं, पण बाईच्या देहाची अशी विटंबना पैसे कमी पडले म्हणून होत नसते. साळुंक्यांच्या साडीचं कारण शोधलं तर करुणा वाटते. इथे कारण शोधलं तर संताप येतो. दोन्हीकडे शोधण्याची रीत एकच आहे, म्हणून समजून घेणं आणि माफ करणं यांत मी गल्लत करत नाही. उलट यमकाशीच थांबणारं हसू इथे माफी देऊन मोकळं होतं. ‘अरे, तो तर इतका वाईट आहे की मजा येते,’ असं एकदा म्हटलं की त्यातल्या क्रौर्याला कुणी जाब विचारत नाही. संवाद चघळले जातात, टी-शर्टवर येतात, आणि ज्या प्रसंगात ते बोलले गेले तो प्रसंग गळून पडतो.

एकट्याने पाहताना हे गळणं कदाचित टळतं; गटात ते सोपं होतं, कारण गटाला हसू तुटलेलं चालत नाही. संवाद म्हणून दाखवताना सगळे एका सुरात असतात आणि त्या वेळी एखादी मुलगी हसत नसेल तर तिला विनोद कळत नाही असं ठरवून गाडी पुढे जाते. बहुधा तिने तो सिनेमा पुरता पाहिलेला असतो. तिला नेमकं काय दिसलं हे त्या वेळी कुणी विचारलं, तर आसनगाव ते कल्याण एवढा वेळ बोलायला पुरेल असं तिच्याजवळ पुष्कळ असेल, आणि त्यातलं काही हसण्यासारखंही असेल.