मोडण्याची जागा

रिमोटवरचे विमान उतरताना जोरात आदळले की आधी चाकांची तार वाकते. धक्का त्याहून मोठा असेल, तर तार ज्या प्लायवूडच्या तुकड्यावर बसवलेली असते तो धडाच्या तळातून उखडून येतो. दुरुस्तीला बसताना पहिला विचार येतो तो आणखी जाड प्लायवूडचा, भरपूर इपॉक्सीचा. पुन्हा तुटायला नको! मला हा विचारच घातक वाटतो. झालेल्या अपघाताच्या धास्तीने केलेली दुरुस्ती फक्त त्याच अपघाताचा बंदोबस्त करते.

गणित साधे आहे. विमान हवेत तरायला लागणारा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वजन १० टक्के वाढले, तर उतरण्याचा वेग सुमारे ५ टक्के वाढतो आणि जमिनीवर जिरवायची ऊर्जा तब्बल २१ टक्के. मजबुतीच्या नावाखाली आपण पुढचा धक्काच वाढवून ठेवतो. शेपटीकडची डागडुजी तर आणखी महागात पडते. तोलबिंदूपासून शेपूट लांब आणि नाक जवळ, त्यामुळे मागे १० ग्रॅम वाढले की पुढे २०-३० ग्रॅम शिसे भरावे लागते.

म्हणून जाणकार माणूस हात राखून काम करतो. बाल्सा लाकडाचे तुटलेले काठ तो घासून सपाट करत नाही. दातेरी कडा तशाच एकमेकींत बसवल्या की धाग्यात धागा अडकतो. मग सांध्यावर पातळ सायनोचा, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा, एक थेंब सोडला की तो आपसूक आत शोषला जातो. घाई नसेल तिथे लाकडाचा पांढरा गोंद बरा, कारण त्यातले पाणी उडून जाते. इपॉक्सी मात्र लावाल तेवढे कायम अंगावर राहते. ते मोटरच्या फळीसाठी राखावे.

काही भाग तर मोडायलाच हवेत. पंख धडाला धरणारे नायलॉनचे बोल्ट धक्क्यात तुटतात, म्हणून पंख वाचतो. तिथे पोलादी बोल्ट घातले की तोच धक्का पंखाच्या मधल्या सांध्यात शिरतो. प्रवासी विमानांतही अतिभाराने चाकांचा सांगाडा निखळला, तरी इंधनाची टाकी फाटून आगीचा धोका होऊ नये अशी रचना नियमानेच करावी लागते.

उडवण्याआधी पंख उजेडात तिरका धरून पाहावा. आवरणावर नवी तिरपी सुरकुती दिसली, तर आतली तुळई तडकलेली असू शकते. शंका आली की आवरण कापून बघावे. ते इस्त्रीने पुन्हा बसवता येते.