लेफ्ट बॅकची जागा

त्या तालमीच्या संघातली अकरा नावं पेठेतलं शेंबडं पोरही गोलीपासून सेंटर फॉरवर्डपर्यंत एका दमात म्हणून दाखवायचं. तीन हंगाम तेच अकरा खेळत होते. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तालमीतल्या फळ्यावर संघ लिहायची जुनी पद्धत होती. पण कार्यकर्त्यांनी फळा पुसणंच सोडून दिलं होतं. वरची तारीख आणि समोरच्या संघाचं नाव तेवढं बदलायचं.

कथेतली तालीम खरी नाही. तिला पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल यांपैकी कुणाचंही नाव चिकटवू नये. बाकी सगळं कोल्हापूरचंच आहे. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी या गावात फुटबॉल आपलासा केला. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबाग मैदानासारखीच गर्दी आज छत्रपती शाहू स्टेडियमवर होते, आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग सुरू झाली की पेठापेठांत दुसरा विषय नसतो. अशा गावात संघात जागा मिळणं म्हणजे नुसतं खेळायला मिळणं नव्हे. दुधाच्या कट्ट्यावर, मिसळीच्या गाड्यावर, सासुरवाडीतसुद्धा माणसाची ओळख त्या जागेनं होते.

संघाचे सर एका शाळेत क्रीडाशिक्षक होते. त्यांच्या डोक्यात लेस्टर सिटी पक्की बसली होती. क्लॉडिओ रानिएरी हा इटालियन प्रशिक्षक चेल्सीकडे असताना दर सामन्याला संघ बदलतो म्हणून इंग्लिश वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली होती. तोच माणूस २०१५-१६ च्या हंगामात लेस्टरकडे आला, जवळजवळ तेच अकरा खेळवत राहिला आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना प्रीमियर लीग जिंकून बसला. सर म्हणायचे, "एकमेकांचा श्वास कळला पाहिजे. तो रोज नवा माणूस आणून कळत नाही."

त्यात तथ्य होतंच. त्यांचे दोन स्टॉपर एकमेकांकडे न बघता एकदम पुढं सरकायचे आणि समोरचा फॉरवर्ड ऑफसाइडमध्ये अडकायचा. लेफ्ट बॅक होता संघाचा कप्तान, एकतीस वर्षांचा, शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत पहिली पाळी करून दुपारी मैदानावर येणारा. डावीकडचा विंगर चेंडू मागं न बघता टाचेनं सोडायचा, कारण कप्तान तिथं आलेला असणारच. अशी समज विकत मिळत नाही. बाहेरून पैसे मोजून आणलेल्या खेळाडूंनाही ती पहिल्या महिन्यात मिळत नाही, हे कोल्हापूरनं पुष्कळदा पाहिलं आहे.

पण लेस्टरचं वेळापत्रक सरांनी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी लेस्टर युरोपातल्या कुठल्या स्पर्धेत नव्हता, कप स्पर्धांतूनही लवकर बाहेर पडला होता. बहुतेक आठवड्यांत एकच सामना. इथं लीग संपते न संपते तोच बाद फेरीच्या स्पर्धा एकीला लागून एक येतात, त्याही एप्रिल-मेच्या उन्हात, टणक झालेल्या मैदानावर, आणि सकाळी कारखान्यात राबून आलेल्या पायांवर.

लीगच्या शेवटच्या टप्प्यात कप्तानाच्या उजव्या मांडीत मागच्या बाजूला ओढ बसू लागली. हॅमस्ट्रिंग. त्यानं कुणाला सांगितलं नाही. चड्डीच्या आत क्रेप बँडेज आवळून तो खेळत राहिला. माहीत होतं फक्त तात्यांना. तात्या तालमीतले जुने पैलवान; खेळाडूंना तेल लावून चोळणं हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं काम. हात लावताच त्यांना कळलं. कप्तान म्हणाला, "तात्या, एवढी एक मॅच जाऊ द्या." त्या एकीच्या तीन झाल्या.

राखीव लेफ्ट बॅक होता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातला एक पोरगा. दोन हंगाम तो ट्रॅकसूट घालून बसला होता. सरावात तो कायम दुसऱ्या संघात, म्हणजे पहिल्या अकरांच्या विरुद्ध खेळायचा. पाय वेगवान, डोकं शांत, पण त्याच्या शेजारी उभं राहून स्टॉपर एकदाही खेळला नव्हता.

बाद फेरीच्या उपांत्य सामन्यात पंचविसाव्या मिनिटाला समोरच्या राइट विंगरनं कप्तानाच्या बाजूनं तिसरी धाव घेतली आणि कप्तान मांडी धरून खाली बसला. पोरगा आत आला. कप्तान अशा वेळी दोन पावलं मागं हटायचा. पोरगा चेंडूवर पुढं धावून जायचा. चूक म्हणावी असं त्यात काही नव्हतं, तो तसाच खेळत आला होता. पण स्टॉपर कप्तानाच्या हिशेबानं पुढं सरकला, दोघांच्या मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट पडली आणि गोल झाला. दुसरा गोलही त्याच बाजूनं. गॅलरीतून जे शब्द आले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. सगळे त्या पोरग्याला उद्देशून होते.

दुसऱ्या रात्री तालमीत बैठक बसली. देणगीदारांचा एक गट म्हणाला, आता सगळ्यांना आळीपाळीनं खेळवा, पेठेतल्या प्रत्येक पोराला संधी मिळू दे. ऐकायला हे फार न्यायाचं वाटतं. आळीपाळीचा आग्रह धरणाऱ्यांपैकी कुणाचा पुतण्या राखीव होता, कुणाचा भाचा, हे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला स्वतःला अशी आळीपाळी कायमच्या अकरांपेक्षा वाईट वाटते, कारण तिच्यात खेळाचं कारणच नसतं. दुसरा गट म्हणाला, संघ हलवायचा नाही, नशीब फुटकं होतं. जुन्या खेळाडूंपैकी एकानं १९७० च्या आधीच्या वर्ल्ड कपचा दाखला दिला: तेव्हा बदली खेळाडूच नव्हते, अकरा उतरायचे आणि अकराच परतायचे. कुणी तरी उलट २०१४ ची फायनल काढली. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आत आलेल्या गोट्झेनं एकशे तेराव्या मिनिटाला गोल मारून जर्मनीला कप दिला, मग राखीव माणूस म्हणजे काय फक्त पाण्याच्या बाटल्या द्यायला?

भांडण रंगात आलं तेव्हा कप्तान बोलला. पाय बाकावर लांब सोडून बसला होता.

"पाय दोन आठवडे दुखत हुता."

सरांचा चेहरा उतरला. "मग सांगितलं का नाहीस लेका?"

"सांगितलं असतं तर फळ्यावरनं नाव गेलं असतं. आनि एकदा गेलं की परत येत नाही. हे मला कुणी सांगायला नको, सर. मी तसाच आत आलोय."

मागच्या भिंतीला टेकून तालमीचे खजिनदार बसले होते. नऊ वर्षांपूर्वी लेफ्ट बॅक ते होते. बहिणीच्या लग्नासाठी त्यांनी एक सामना सोडला. त्या दिवशी कप्तान पहिल्यांदा खेळला, चांगला खेळला, आणि खजिनदारांना पुन्हा कधी बूट घालावे लागले नाहीत. त्यांनी तक्रार केली नव्हती. आताही ते काही बोलले नाहीत.

बोलले तात्या. "आमचा वस्ताद मैदानाच्या आदल्या दिवशी इचारायचा, दुखतंय कुठं? आमी खरं सांगायचो. तो म्हनला, उद्या जाऊ नगस, तर जायचो नाही. तालीम आमचीच हाय, ही खात्री हुती. ह्या पोराला ती खात्री न्हवती, म्हनून त्यो खोटं बोलला. आनि त्याच्यासाटनं मीबी."

सर त्या रात्री घरी जाऊन फार वेळ जागे राहिले असावेत. पुढच्या हंगामात त्यांनी गोली, दोन स्टॉपर आणि मधला हाफ हे चौघे अजिबात हलवले नाहीत. बाकीच्या जागा बदलल्या, पण कारण धरून: समोरचा विंगर वेगाचा असेल तर पोरगा, उंच चेंडू टाकणारा संघ असेल तर कप्तान. आणि फळ्यावर लिहिण्याआधी ज्याला बसायचं आहे त्याला गांधी मैदानावर बाजूला घेऊन तोंडावर सांगायचं, का बसवतोय ते, आणि पुन्हा कधी खेळवणार तेही. सरावाचा अर्धा वेळ पोरगा पहिल्या संघाच्या स्टॉपरशेजारी उभा राहू लागला.

याची किंमत मोजावी लागली. लीगमधले पहिले तीन सामने एक पराभव आणि दोन बरोबरी असे गेले. पेठ खवळली. सरांच्या दुचाकीची हवा दोनदा सोडली गेली. कप्तान पहिल्यांदा राखीवांत बसला त्या दिवशी गॅलरीनं त्याच्या नावाचा असा गजर केला की आत खेळणारा पोरगा थ्रो-इन कुणाला टाकायचा तेच विसरला. त्यातून डावीकडचा विंगर, कप्तानाचा जिवाभावाचा दोस्त, पोरग्याला चेंडूच देईना. मोकळा असला तरी देईना.

हे सरांना सोडवता आलं नसतं. कप्तानानं सोडवलं. सराव संपल्यावर त्यानं विंगरला थांबवलं.

"त्याला पास का दीत नाहीस?"

"मला त्याचं कळत न्हाई रं. तू असलास की कळतं."

"मी तुझ्या भाईरनं पळतो. ह्यो आत घुसतो. तू लायनीला चिकटून थांब, मग बग." आणि मग जरा जोरात, "आनि माझ्यासाटनं रुसू नगस. मी मेलो न्हाई."

पोरग्यासह तिघंही त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मैदानावर होते. कप्तान रेषेवर उभा राहून ओरडत होता, "आत! आत घुस मर्दा! बघत काय उभारलाईस?" नऊ वर्षांत समोरच्या विंगरांच्या ज्या खोड्या त्यानं मनात साठवल्या होत्या, त्या त्यानं महिनाभरात पोरग्याला देऊन टाकल्या. कोण डाव्या पायाची हूल देऊन उजवीकडं जातो, कोण धक्का बसायच्या आधीच पडतो, कोण साठाव्या मिनिटानंतर मागं परतत नाही.

मे महिन्यात बाद फेरीचा उपांत्य सामना आला. सुरुवातीला कप्तान खेळला. बासष्टाव्या मिनिटाला मांडीत तीच जुनी ओढ आली आणि यंदा त्यानं स्वतःच बेंचकडं हात वर केला. पोरगा आत गेला, स्टॉपरनं त्याच्याकडं एकदा बघून एक पाऊल उशिरा टाकलं, आणि उरलेला वेळ डावी बाजू बंद राहिली. सामना एका गोलनं जिंकला.

फायनल चार दिवसांनी होती. सरावाला कप्तान हळूहळू पळून आला. सरांनी विचारलं, "पाय कसा हाय?"

"ओढ हाय थोडी. पण सत्तर मिनिटं देतो," कप्तान म्हणाला. "फुडचं पोरगं बघंल."