‘मान्य आहे’ म्हणण्याची सक्ती

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपवर एक सूचना झळकली. आमच्या अटी बदलत आहेत. ८ फेब्रुवारीनंतर अॅप वापरायचं असेल तर त्या मान्य कराव्या लागतील. फार तर ‘आज नको, नंतर बघू’ म्हणता येत होतं. ‘मला हे मान्य नाही, पण अॅप चालू राहू द्या’ असं म्हणायला जागा नव्हती. देशभर गदारोळ झाला. इलॉन मस्कच्या दोन शब्दांच्या ट्वीटनंतर सिग्नल या दुसऱ्या अॅपकडे इतकी गर्दी लोटली की आठवड्याभरात तेच काही काळ बंद पडलं. व्हॉट्सअॅपला वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर जाहिराती देऊन खुलासा करावा लागला.

मराठवाड्यातल्या गंगापूर तालुक्यात गदारोळ वगैरे झाला नाही. लासूर स्टेशनच्या बाजारातले भाव, वाळूजच्या कारखान्यातली उद्याची पाळी, जिल्हा परिषद शाळेचा गृहपाठ, सगळं त्याच हिरव्या चौकोनातून येत होतं. लोकांनी बटण दाबलं आणि कामाला लागले. कोणी विषय काढलाच तर उत्तर ठरलेलं: कर नाही त्याला डर कशाला? आमच्या गप्पांत कंपनीला काय सोनं सापडणार आहे?

हे उत्तर अडाणीपणाचं आहे असं शहरातल्या लेखांतून तेव्हा सुचवलं जात होतं. मला तसं वाटत नाही. त्यामागे एक जुना अनुभव आहे. पोस्टकार्ड हे उघडंच पत्र. ते पोस्टमन वाचायचा, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचूनही दाखवायचा, आणि ऐकायला ओटा भरलेला असायचा. हा भाग निजामाच्या राज्यात होता तेव्हा टपालखातंही निजामाचं होतं, तिकिटंही त्याचीच. पण पत्र ओट्यावरच वाचलं जायचं. पुढे एसटीडीचं बूथ आलं. काचेचं दार लावलं तरी मुंबईला काय बोलणं झालं ते बाहेर रांगेतल्यांना कळायचंच, कारण ट्रंक कॉलची सवय असलेली माणसं ओरडूनच बोलायची. कोणाचं कर्ज थकलं, कोणाची सोयरीक मोडली, हे गावाला ठाऊक. पण ज्याला तुमचं ठाऊक, त्याचं तुम्हालाही ठाऊक. उघडेपणा दोन्हीकडून होता, म्हणून तो सोसवत होता.

अर्थात सगळ्यांना सारखा नाही. गावाची नजर ज्यांच्यावर सर्वांत जास्त रोखलेली असते त्या सुना, वयात आलेल्या मुली, वस्तीवरची माणसं यांना उलटून बघायचा अधिकार कधीच नव्हता. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत खेड्याबद्दल जे कठोर उद्गार काढले ते उगाच नव्हते. आणि म्हणूनच स्मार्टफोन आला तेव्हा या माणसांच्या हातात आयुष्यातली पहिली बंद खोली आली. मामाच्या मुलीला मेसेज करता येतो आणि सासूला कळत नाही, हा किती मोठा बदल आहे ते बंगल्यात वाढलेल्याला कळणार नाही. एप्रिल २०१६ पासून तर व्हॉट्सअॅपचे संदेश दोन टोकांच्या मधे कोणालाच, खुद्द कंपनीलाही, वाचता येत नाहीत. गावापासून लपायला ज्या अॅपनं जागा दिली, त्याच अॅपनं पुढे अटी घातल्या. हा सौदा पटकन मान्य झाला यात नवल नाही. दूरच्या कंपनीपेक्षा शेजारच्या ओसरीची भीती खरी होती.

कायद्याच्या दरबारात मात्र भीती निराळीच होती. तिथे खासगीपणा म्हणजे सरकारपासून संरक्षण. १९४७ साली आंबेडकरांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ लिहिलं, त्यातल्या मूलभूत हक्कांत माणसाचं शरीर, घर आणि कागदपत्रं यांची वाजवी कारणाशिवाय झडती घेऊ नये असं कलम होतं. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत जवळपास तीच दुरुस्ती मांडली. आंबेडकर ती स्वीकारायला तयार होते. मतदान लांबलं, आणि ती दुरुस्ती संविधानात आली नाही ती नाहीच. मग १९६२ साली खडकसिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पोलिसांनी रात्री-अपरात्री दार ठोठावणं चूक आहे, पण खासगीपणाचा हक्क म्हणून काही संविधानात नाही. १९८६ मध्ये संसदेनं सरकारला टपाल उघडण्याचा सैल अधिकार देणारं विधेयक संमत केलं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. १९९६ मध्ये फोन चोरून ऐकण्यावर न्यायालयानं बंधनं घातली. सगळीकडे समोरची बाजू एकच, सरकार.

या रांगेत महाराष्ट्रातला एक खटला आहे आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. एक पोलिस निरीक्षक रात्री एका बाईच्या झोपडीत शिरू पाहत होता. खात्यानं त्याला काढलं. मुंबई उच्च न्यायालयानं त्याला सोडलं, कारण बाईची चालचलणूक ठीक नाही, तिच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. जिला समाज बदनाम म्हणतो तिच्याही घरात कोणी वाटेल तेव्हा घुसू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. ‘कर नाही त्याला डर कशाला’ याला एवढं सरळ उत्तर दुसरीकडे मिळत नाही. चारित्र्याचा दाखला दाखवल्यावर मिळेल, अशी ही गोष्टच नव्हे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूडांचं. आणीबाणीतला १९७६ चा जो निकाल त्यांनी त्यात चुकीचा ठरवला, तो देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव होते. त्या नवांत नागपूरचे शरद बोबडेही होते. २०२१ च्या फेब्रुवारीत व्हॉट्सअॅपच्या नव्या अटींचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा तेच सरन्यायाधीश होते. तुमची कंपनी कितीही अब्जांची असेल, लोकांना पैशापेक्षा आपला खासगीपणा मोलाचा वाटतो, असं त्यांनी कंपनीला सुनावलं.

आता समोरची बाजू बदलली होती. २०१४ मध्ये फेसबुकनं व्हॉट्सअॅप १९ अब्ज डॉलरना घेतलं तेव्हा काही बदलणार नाही असं सांगितलं गेलं. ऑगस्ट २०१६ मध्ये बदललं. माहिती फेसबुककडे जाणार, पण जाहिरातींसाठी नको असेल तर ३० दिवसांत तसं कळवा, अशी तेव्हा निदान सोय होती. दोन विद्यार्थी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २०२१ मध्ये ती सोयही काढून घेतली. युरोपातल्या ग्राहकांसाठी मात्र अटी वेगळ्या, कारण तिथे कायदा होता.

यात एक गैरसमज फार पसरला, की कंपनी आता आपल्या गप्पा वाचणार. तसं नव्हतं. बदल मुख्यतः दुकानं-कंपन्यांशी होणाऱ्या बोलण्याबाबत होता. पण मजकूर न वाचताही बरंच कळतं. एखाद्यानं आठवडाभर वैजापूरच्या वकिलाला रोज रात्री मेसेज केला, मग शहरातल्या कर्करोगाच्या दवाखान्याला केला, मग जमिनीच्या दलालाला. एक अक्षर न वाचता त्या घरात काय चाललंय ते कोणीही सांगेल. ओट्यावरच्या माणसालाही ते कळलं असतं; पण तो ओट्यावरचा माणूस तुम्हाला दिसत होता, आणि त्याचा ऊस कोणत्या कारखान्यानं नाकारला ते तुम्हाला ठाऊक होतं. इकडे कंपनीच्या ओट्यावर कोण बसलंय ते दिसत नाही.

मुदत पुढे ढकलून १५ मे करण्यात आली. ती तारीख आठवून पाहावी. कोविडची दुसरी लाट. औरंगाबादच्या घाटी रुग्णालयात खाट आहे का, ऑक्सिजन कुठे, रेमडेसिविर कोणाकडे, हे सगळं व्हॉट्सअॅपच्या गटांवर चाललेलं. त्या आठवड्यात कोणी अटी वाचून विचारपूर्वक संमती देईल असं म्हणणं ही क्रूर थट्टा होती. सरकारनंही मागे घ्या म्हणून लिहिलं. कंपनीनं मग २२ मे रोजी सरकारला कळवलं की अटी न मानणाऱ्याची कोणतीही सोय माहिती-संरक्षणाचा कायदा येईपर्यंत बंद करणार नाही. म्हणजे बटण दाबलं नसतं तरी चाललं असतं. हे गंगापुरात कोणाला कळलं? १ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला कंपनीला सांगावं लागलं की हे आश्वासन पाच वर्तमानपत्रांत पानभर छापा, तेही दोनदा. पहिल्या सूचनेला तोवर दोन वर्षं उलटून गेली होती.

माझ्या मते या प्रकरणात विचाराची खरी उडी न्यायालयात पडलीच नाही. ती पडली भारतीय स्पर्धा आयोगात, जिथे एरवी सिमेंटच्या आणि मोटारींच्या किमतींचे वाद चालतात. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी आयोगानं मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुकला, २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. ज्याला सोडून जायला दुसरं ठिकाण नाही, त्याच्यासमोर ‘घ्या नाहीतर चालते व्हा’ अशी अट ठेवणं हा बाजारातल्या ताकदीचा गैरवापर आहे, असं आयोगाचं म्हणणं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपिलात दंड कायम राहिला. जाहिरातींसाठी माहिती देण्यावरची पाच वर्षांची बंदी मात्र उठली. मेटासारख्या कंपनीला हा दंड किरकोळ आहे. पण त्या निकालात प्रश्न फिरला. तुम्ही काय लपवता, हे कोणी विचारलं नाही. तुम्हाला ‘नाही’ म्हणता येत होतं का, हे विचारलं. अडत्याशी रोज व्यवहार करणाऱ्या शेतकऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. गावात एकच अडत्या उरला की त्याच्या चिठ्ठीवरचा अंगठा खुशीचा असतो की नाही, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

२०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची वाट कायद्यातच ठेवली आहे, म्हणजे करीमुद्दीन यांची काळजी होती तिथेच आहे.

आणि सक्ती एकट्या कंपनीची कुठे आहे? गृहपाठ फक्त गटावर टाकणारी शाळा, सभेची नोटीस फक्त गटावर देणारी ग्रामपंचायत, पाळी फक्त गटावर कळवणारा ठेकेदार, हे सगळे मेटाचं काम फुकट करून देतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनानं ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअॅपवरून देण्यासाठी मेटाशीच करार केला. सोय होईल, वाद नाही. दाखल्यासाठी गंगापूरला मारायच्या खेपा वाचतील. पण तहसीलची खिडकी त्याच गतीनं उघडी राहणार का, व्हॉट्सअॅप नसलेल्या म्हातारीचा अर्ज त्याच आठवड्यात निघणार का, याचं लेखी उत्तर शासनानं आधी द्यायला हवं. ती खिडकी बंद झाली, तर अटी कोणाच्या आणि कशा हे वाचायचं कारणच उरणार नाही.