डब्याचे सोवळे

भांडे शुद्ध केव्हा म्हणावे, हा प्रश्न आपल्याकडे रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी धर्मशास्त्राला पडला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे नियम आहेत. तांबे, कासे, पितळ हे धातू क्षार, आम्ल आणि पाणी यांनी शुद्ध होतात. मातीचे भांडे पुन्हा भाजावे लागते आणि काही विटाळांनंतर तर भाजूनही चालत नाही. कर्मकांड वगळले तरी यात एक नेमके निरीक्षण उरते: धातूचा मळ वरवर राहतो, सच्छिद्र माती तो पोटात घेते. शुद्धी इथे पदार्थाच्या गुणधर्मावर ठरते. पण त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना ‘अपपात्र’ ठरवले आहे. त्यांनी वापरलेले भांडे इतरांना वर्ज्य, आणि त्यांनी जेवायचे ते फुटक्या भांड्यांत. आंबटाने घासून निघणारे कासे एका जातीच्या माणसाने वापरले की मात्र निघत नाही, हे कसे? धातू तर तोच असतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, तो याहून कितीतरी मोठ्या अन्यायासाठी. तरीही शुचितेची कल्पनाच जाळावी असे मला वाटत नाही. ती माणसावरून काढून वस्तूवर परत आणावी, आणि सुरुवात रोजच्या डब्यापासून करावी.

वस्तूची परीक्षा घेता येते. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकते, हे आजीला प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. प्लास्टिकच्या डब्यावरचा हळदीचा डाग घासून जात नाही, कारण तेलात उतरलेला रंग प्लास्टिकात मुरतो. आणि जिथे आत जाता येते तिथून बाहेरही येता येते. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकमधून बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे रसायन अन्नात उतरते. उष्णता, तेल, आंबटपणा आणि वेळ यांनी प्लास्टिकातली द्रव्ये अन्नात उतरणे वाढते, आणि सकाळी गरम भरून दुपारी उघडलेल्या आमटीत हे चौघेही हजर असतात. तिथे स्टील किंवा काचच बरी. पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळायला तर २०१८ च्या अन्नवेष्टन नियमांनीच मनाई केली आहे, कारण छपाईची शाई अन्नाला लागते.

यावर कोणी म्हणेल, हे नवे सोवळेच झाले. ‘बीपीए-फ्री’ एवढे वाचून निर्धास्त होणाऱ्याच्या बाबतीत ते खरेही आहे. बीपीएच्या जागी आलेल्या बिस्फेनॉल-एसचेही संप्रेरकांसारखे परिणाम प्रयोगांत दिसले आहेत. पण सोवळे ‘किती?’ असे कधी विचारत नाही. नव्या स्टीलमधूनही आंबट पदार्थात थोडे निकेल उतरते, वापरानंतर ते कमी होते. म्हणून स्टील विटाळत नाही. पूर्ण निर्लेप भांडे कुठेच नाही, तुलनेने कमी घातक भांडे असते. मग हा नुसता रसायनाचा हिशेब, त्यात धर्माचा काय संबंध? कर्मसिद्धान्तात करणारा आणि भोगणारा एकच असतो. डब्यात ते दोघे वेगळे: भरते एक, खाते दुसरे, आणि शाळकरी मुलाला तर निवडच नसते. म्हणून ही निवड धर्माची. मात्र श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भाजी नेणाऱ्या मजुराकडे पाहून नाक मुरडणे म्हणजे दोष पुन्हा वस्तूवरून माणसावर ढकलणे. त्याला सांगायचेच तर इतकेच, की थंड पोळी-भाजीला तो डबा एक वेळ चालेल, वाफाळती आमटी त्यात नको.