क्षमेचा अधिकार

मोत्सार्टची 'ला क्लेमेन्झा दि तितो' ही संगीतिका १७९१ च्या सप्टेंबरात प्राग येथे, दुसऱ्या लिओपोल्डच्या राज्याभिषेकानिमित्त प्रथम झाली. कथा रोमच्या सम्राटाची. जिवलग मित्र सेस्तो एका स्त्रीच्या चिथावणीने त्याच्या जिवावर उठतो, कॅपिटॉल पेटते, सिनेट देहदंड सांगते. आणि सम्राट सही झालेला हुकूम स्वतःच फाडून सर्वांना क्षमा करतो. राज्याभिषेकाला असलीच कथा शोभावयाची! परवा तिचे ध्वनिमुद्रण ऐकताना माझे मन मात्र आमच्या झाशीच्या किल्ल्याकडे वळले.

१८५७ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाईंनी कारभार हाती घेतला न घेतला तोच, गंगाधररावांच्या भाऊबंदांपैकी पारोळ्याच्या सदाशिवरावांनी करैऱ्याचा किल्ला बळकावून स्वतःस झाशीचे महाराज म्हणविले. बाईंच्या फौजेने त्यांना हुसकले आणि पुढे पकडून झाशीच्या किल्ल्यात अटकेत ठेविले. शिरच्छेद केला नाही. याला क्षमा म्हणावे काय? बाईंनी हुकूम फाडला नाही की गळामिठी घातली नाही. जीव तेवढा राखला. तरीही तितोच्या औदार्याहून मला हे अधिक प्रामाणिक वाटते. त्याच वर्षी ओरछाची फौज झाशीवर चालून आली. मोकळे सुटलेले सदाशिवराव नगरवासीयांना किती महाग पडले असते! राजाने स्वतःवरचा घाव खुशाल विसरावा. पण कॅपिटॉलच्या आगीत होरपळलेल्यांच्या वतीने क्षमा करण्याचे मुखत्यारपत्र तितोला कोणी दिले होते?

हा प्रश्न मला निव्वळ पुस्तकी नाही. मी सरकारी कारकून. चार वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने चौकशीत माझ्याविरुद्ध खोटी साक्ष दिली आणि माझी वेतनवाढ रोखली गेली. गेल्या महिन्यात त्याचाच बदलीचा अर्ज माझ्या मेजावर आला. गावी आई अंथरुणाला खिळलेली. त्रुटी काढून अर्ज परत धाडणे कारकुनाला अवघड नसते. मी तो त्याच दिवशी अनुकूल टिपणीसह वर पाठविला. नंतर त्याने माझ्या मोठ्या मनाची तारीफ केली, तेव्हा मला संकोचच वाटला. अर्ज नियमात बसत होता. त्याचे होते ते त्याला मिळाले. यात क्षमा कुठे आली? ती अजून माझ्याच्याने झालेली नाही. शिवाय ती ओढगस्तीची वर्षे माझ्या एकट्याची नव्हती.

म्हणून त्या रात्री पत्नीला सारे सांगितले. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारले, "अहो, त्यांच्या आईंना आता कसं आहे?"

मला ते ठाऊक नव्हते.