कोणते पूर्वज मोजावे?

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. शोधूं गेल्यास कांहीं तरी लाजिरवाणें हातीं लागेल, असा या म्हणीचा भाव बहुधा घेतला जातो. आम्हांस तींत दुसराही एक अर्थ दिसतो. महाबळेश्वरास गोमुखांतून पडणारी धार पाहून यात्रेकरू तेंच कृष्णेचें मूळ समजतो आणि हात जोडतो. परंतु नरसोबाच्या वाडीपुढें जी कृष्णा वाहते, तिच्यांत कोयनेचें, वारणेचें आणि पंचगंगेचें पाणी त्या धारेच्या कितीतरी पट असतें. नदीचीं मुळें अनेक. त्यांतील एक आपण निवडतों आणि त्यास मूळ म्हणतों.

आज नळींत थुंकी भरून ती एखाद्या कंपनीकडे धाडली कीं कांहीं आठवड्यांत आपल्या हजारों वर्षांपूर्वींच्या पूर्वजांचा तक्ता घरीं येतो. सुशिक्षित कुटुंबांत, विशेषतः ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांच्यांत, ही हौस वाढत चालली आहे, आणि हौशी गृहस्थ एवढेंच विचारतो कीं डीएनएची कोणती चांचणी घ्यावी. त्यास वाटतें, हा प्रश्न बाजारांतील मालाच्या निवडीचा आहे. आमच्या मतें तो त्याहून बराच खोल आहे. कारण चांचणी निवडणें म्हणजे कोणत्या पूर्वजांस पूर्वज म्हणावयाचें हें ठरविणें होय.

चांचण्या मुख्यतः तीन. पहिली वाय गुणसूत्राची. हें गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेंच्या तसें उतरतें. मुलीच्या वांट्यास तें येत नाहीं. दुसरी मायटोकॉण्ड्रियांतील डीएनएची. अवघ्या 16,569 अक्षरांची ही छोटी पोथी आईकडून सर्व मुलांस मिळते, परंतु पुढें चालवितात त्या फक्त मुली. या दोन रेषांत सरमिसळ होत नाहीं म्हणूनच त्या फार मागें नेतां येतात. 1987 सालीं तीन शास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या खंडांतील 147 लोकांची मातृरेषा तपासून ती आफ्रिकेंतील एका प्राचीन स्त्रीपर्यंत पोंचते असें दाखविलें, तें याच गुणामुळें. तिसरी चांचणी उरलेल्या सर्व गुणसूत्रांची. तींत सगळे पूर्वज आपापला वांटा टाकतात, परंतु दर पिढीस तो वांटा निम्मा होतो आणि तुकडे पिसल्या पत्त्यांसारखे मिसळून जातात.

आतां थोडा हिशेब करूं. दहा पिढ्या मागें, म्हणजे अडीचतीनशें वर्षांपूर्वीं, प्रत्येकास 1,024 पूर्वज असतात. एकच मनुष्य दोन वाटांनीं पूर्वज ठरला तर थोडे कमी. या हजाराहून अधिक माणसांपैकीं वाय गुणसूत्र एकाची हकीगत सांगतें, मायटोकॉण्ड्रिया एकीची. बाकीचीं 1,022 माणसें या दोन चांचण्यांस मुकीं आहेत. तिसरी सर्वांविषयीं बोलूं पाहते खरी, परंतु इतक्या मागें गेल्यावर त्यांतील पुष्कळांचा एकही तुकडा आपल्या शरीरांत उरलेला नसतो. ते आपले पूर्वज नव्हेत काय? त्यांच्यावांचून आपण जन्मलों नसतों. आणि तरीही प्रयोगशाळेच्या दृष्टीनें ते कोणीच नव्हेत.

आमच्या ओळखीचे बहुतेक पुरुष वायची चांचणी पसंत करितात. यांत आश्चर्य नाहीं. गोत्र बापाचें, आडनांव बापाचें, कुलवृत्तांतांत वंशवृक्ष बापाचा. तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्यांतही पुरुषांचींच नांवें ओळीनें लिहिलेलीं सांपडतात आणि त्यांच्या बायका कोणत्या घरच्या हें क्वचितच कळतें. यंत्र नवें, परंतु मोजण्याची संवय जुनी. आणि गंमत अशी कीं आपले जुने शास्त्रकार या बाबतींत आजच्या ग्राहकाहून अधिक सावध होते. सापिंड्याचा विचार करतांना मिताक्षराकार विज्ञानेश्वरानें म्हटलें आहे कीं, अनादि संसारांत शरीराचा संबंध कसा ना कसा तरी सर्वांचाच सर्वांशीं लागेल. म्हणून बापाकडून सात आणि आईकडून पांच पिढ्यांवर मर्यादा घालावी. बाराव्या शतकाच्या सुमारास लिहिणाऱ्या त्या पंडितास गुणसूत्र ठाऊक नव्हतें, पण गणित ठाऊक होतें. सातव्या पिढीपलीकडचें कूळ म्हणजे सगळा समाज, हें त्यानें ओळखलें.

तिसऱ्या चांचणीच्या शेंकडेवारीचें तर आम्हांस फारच कौतुक वाटतें! अमुक टक्के एका प्रदेशाचे, तमुक टक्के दुसऱ्याचे. हे आंकडे पूर्वजांकडून येत नाहींत. ते कंपनीच्या संग्रहांतील आज जिवंत असलेल्या माणसांशीं केलेल्या तुलनेंतून येतात. संग्रह बदलला कीं टक्के बदलतात, आणि थुंकी तीच असतां दोन कंपन्या दोन उत्तरें देतात. हिंदुस्थानापुरतें जें भक्कम सांगतां येतें तें 2013 सालीं हैदराबादच्या आणि अमेरिकेच्या संशोधकांनीं मिळून सांगितलें आहे: सुमारें 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वींच्या काळांत येथील निरनिराळे जनसमूह मोठ्या प्रमाणावर मिसळले, आणि त्यानंतर आपापसांतच लग्नें करण्याची चाल घट्ट झाली. म्हणजे शुद्ध वंशाच्या शोधांत निघालेल्या माणसास ती थुंकी एवढेंच सांगते कीं, तुझे पूर्वज आधीं मिसळले आणि मग त्यांनीं दार लावून घेतलें.

परंतु केवळ गंमत म्हणून हा विषय सोडतां येत नाहीं, कारण कूळ सिद्ध करण्याची पाळी ज्यांच्यावर खरोखरच आली असे लोक आपल्याच कोंकणांत होते. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते कीं, अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वांचल्या व त्यांपासून हा समाज वाढला. त्यांनीं तेलाच्या घाण्याचा धंदा केला, शनिवारीं घाणा बंद ठेविला, आणि लोकांनीं त्यांस शनवार तेली म्हटलें. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. पेणकर, रोहेकर अशीं गांवांवरून आडनांवें पडलीं. 1948 नंतर त्यांतील पुष्कळजण इस्राएलास गेले. तेथें 1962 सालीं धर्मपीठानें फर्मान काढलें कीं, या समाजांतील कोणास इतर ज्यूंशीं विवाह करावयाचा असल्यास त्याच्या आईकडील पूर्वजांची शक्य तितकी मागेंपर्यंत चौकशी व्हावी. ज्यांनीं शेंकडों वर्षें शब्बाथ पाळला, त्यांस आजीच्या आजीचें नांव विचारलें गेलें. या अपमानाविरुद्ध त्यांनीं चळवळ केली आणि 1964 सालीं ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, असें मान्य झालें.

यानंतर अर्ध्या शतकानें, 2016 सालीं, या समाजांतील 18 जणांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा कीं, मध्यपूर्वेंतील ज्यूंचा आणि हिंदी लोकांचा असे दोन्ही मोठे वांटे त्यांच्यांत आहेत. हा संकर सुमारें 19 ते 33 पिढ्यांपूर्वीं झाला. आणि ज्यू अंश अधिक करून बापांकडून, हिंदी अंश अधिक करून आयांकडून आलेला आहे. समुद्रापलीकडून आल्याची परंपरा अशा रीतीनें पुष्कळ अंशीं खरी ठरली, आणि समाजास त्याचा आनंद झाला असल्यास तो साहजिक आहे. परंतु हाच कागद 1962 सालीं उपलब्ध असता तर? धर्मपीठाची शंका नेमकी आईच्या रेषेविषयीं होती. कागदाच्या एका अर्ध्यानें या लोकांचा कैवार घेतला असता आणि दुसऱ्या अर्ध्यानें त्यांच्या विरोधकांच्या हातीं शस्त्र दिलें असतें. 1964 सालीं त्यांचा जो न्याय झाला, तो ते पिढ्यान्पिढ्या कसे जगले यावरून झाला. तोच योग्य निकष होता असें आम्ही समजतों, आणि उद्यां शास्त्र कितीही सूक्ष्म झालें तरी आमचें मत बदलेल असें वाटत नाहीं. छांदोग्योपनिषदांतल्या जाबालेनें मुलास सांगितलें कीं तुझें गोत्र मला ठाऊक नाहीं. मुलानें तें जसेंच्या तसें गुरूस सांगितलें, आणि गौतमानें त्यास पदरीं घेतलें. गौतमापाशीं चांचणीची नळी असती तर त्यानें ती वापरावयास नको होती.

मग कोणीच चांचणी घेऊं नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. जिज्ञासा हा दोष नव्हे. मात्र उत्तर एकट्याचें नसतें, ही गोष्ट ग्राहकास पैसे भरतांना कोणी सांगत नाहीं. 2018 सालीं कॅलिफोर्नियांतील पोलिसांनीं चार दशकांपूर्वींच्या खुनांचा संशयित पकडला, तो दूरच्या नातलगांनीं वंशावळीच्या हौसेनें एका संग्रहांत ठेवलेल्या डीएनएवरून. त्यानें स्वतः कांहींच पाठविलें नव्हतें. खुनी सांपडला याचें कोणास दुःख होईल? पण ज्या वाटेनें खुनी सांपडतो, त्याच वाटेनें दत्तक गेलेलें मूल, लपविलेला पिता आणि एखाद्या म्हाताऱ्या आईनें साठ वर्षें पोटांत ठेविलेली गोष्टही सांपडते. 2023 सालीं ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीच्या सुमारें 69 लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हातीं गेली, आणि त्यांनीं विक्रीस मांडलेल्या पहिल्या याद्यांत ज्यू वंशाच्या लोकांची म्हणून एक यादी होती. 2025 सालीं तीच कंपनी दिवाळखोरींत निघाली आणि तिच्याबरोबर तो सारा संग्रह विक्रीस आला. तो अखेर तिच्या संस्थापिकेच्याच नव्या संस्थेकडे गेला, म्हणून बरें.

ज्यास घ्यावयाचीच आहे त्यानें आमचें ऐकून आधीं मातृरेषेची घ्यावी. वंशावळीच्या वहींत जी बाजू कोरी आहे, तिच्याविषयीं निदान एक ओळ तरी भरेल. त्यापूर्वीं घरांतील वृद्धांस बसवून आज्यांचीं, पणज्यांचीं माहेरें लिहून घ्यावीं; ती माहिती कोणत्याही प्रयोगशाळेंत मिळत नाहीं आणि दर वर्षीं थोडी थोडी नाहींशी होत आहे. आईच्या बापाची पुरुषरेषा पाहिजे असेल तर ती स्वतःच्या थुंकींतून निघत नाहीं, मामाची थुंकी लागते. तेव्हां मामांकडे जावें, नळी पुढें ठेवावी, आणि तिच्यांतून काय काय बाहेर येऊं शकतें तें त्यांस स्पष्ट सांगावें. मामा म्हणाले, "नको रे बाबा, राहूं दे," तर कारण विचारूं नये.