कोल्ह्यासाठी केवढी गोळी?

अमेरिकेत कोयोटी हा आपल्या कोल्ह्याच्या कुळातला प्राणी. त्याच्यावर हरणाची मोठी गोळी झाडावी का, यावर तिथले शिकारी वाद घालतात. लहान गोळीने कातडं शाबूत राहतं, मोठीने जनावर लवकर मरतं. हिशोब निर्दयी आहे, पण गोळी झाडणाऱ्याला समोर कोण आहे हे आधी पाहावं तरी लागतं.

जालन्यात बंदुका मोजक्याच. रोही आणि रानडुकरं रात्रीत मका लोळवतात, म्हणून कुणी कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. १९७२ चा वन्यजीव कायदा उभ्या पिकासाठी रोही, रानडुक्कर मारायची परवानगी देऊ शकतो. कोल्हा मात्र २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीत आहे. तारेला अनुसूची कळत नाही. रोही, कोल्हा, रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला निघालेला शेजारी, तिला सगळे सारखेच.

शेतकऱ्याचा संताप खरा आहे. भरपाई मिळाली तरी आडवं झालेलं पीक उभं राहत नाही. पण आपण झोपलेलो असताना, कोण आहे हे न बघता मारणारं हत्यार लावायचा हक्क त्या संतापातून मिळतो का? मला वाटतं, नाही. कुणाचा जीव घ्यायचाच असेल, तर तो कुणाचा हे डोळ्यांनी पाहण्याची जबाबदारी तारेवर ढकलता येत नाही.